ज्वालाचार्यांचं टेंपरेचर

ज्या साली आभाळ फाटलं आणि नाही नाही ते जीव खाली पडले, त्या साली प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला काही ना काही आलं. कोकणवाल्यांना जलपऱ्या मिळाल्या, त्यांनी लगेच होम-स्टे काढले. परभणीला एक राक्षस पडला, तो बिचारा शाकाहारी निघाला आणि आता मार्केट यार्डात पोती उचलतो. नाशिकला म्हणे उडता घोडा. आणि आमच्या जालन्याला काय? ड्रॅगन. तोही प्रवचन करणारा.

मी त्याला सरडाच म्हणते. लांबी तीन एसटी बसएवढी, अंगावर खवले, तोंडातून आग, सगळं कबूल. पण सरडा तो सरडाच. अंबड रोडच्या आत एक बंद पडलेली दगडाची खदान आहे, तिथे तो येऊन बसला आणि पहिले सहा महिने त्याने नुसत्या शेळ्या खाल्ल्या. तेव्हा लोक त्याला लांबून दगड मारायचे. मग एके दिवशी त्याने तोंड उघडलं आणि बातम्या देणाऱ्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाला, "बंधुभगिनींनो, भय हे आसक्तीचं अपत्य आहे." झालं! आमच्याकडे कुणी असं छापील बोललं की लोक आधी चपला काढतात आणि मग अर्थ विचारतात. शेळ्या विसरल्या गेल्या. वर्षभरात सरड्याचे ज्वालाचार्य झाले आणि खदानीला कमान लागली.

त्याच्या शिकवणीचं नाव दाहदर्शन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला दोन ओळींत सांगता येते. ज्वालाचार्यांची आग ही जगातली शेवटची आग, तिच्यापुढे दुसरी आग नाही. तिच्यात जे टिकतं ते खरं. जे जळतं ते मुळात खोटंच होतं, मग त्याचं दुःख कशाला? एवढंच. यात गोम अशी, की त्या आगीत आजवर काहीही टिकलेलं नव्हतं. म्हणजे शेळ्या खोट्या, कडब्याच्या गंजी खोट्या, शेजारच्या वस्तीवरची सात घरं त्याने एका फुंकरीत जाळली तीही खोटी, आणि खरा एकटा तो. त्या वस्तीवरची निम्मी माणसं आता सभेत पहिल्या रांगेत बसतात. घर गेलं म्हणण्यापेक्षा घर नव्हतंच म्हणणं सोपं जातं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच्या अनुयायांना आम्ही राखाडे म्हणतो. डाव्या गालाला राख, आणि सदऱ्याला किंवा झंपराला छातीपाशी एक जळकं भोक. हे भोक बहुतेक जण घरी इस्त्रीने पाडतात. मोक्षाला पायऱ्या तीन. पहिली पायरी वस्तू: आपली आवडती वस्तू आणून आगीत टाकायची. आमच्या शेजारच्या सोनूबाईने मिक्सर टाकला, आसक्तीतून मोकळी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्याकडे चटणी वाटायला यायला लागली. दुसरी पायरी नातं: जो माणूस आपण गमावला, तो खरा नव्हताच असं सभेत माईकवर म्हणायचं. आणि तिसरी पायरी म्हणजे आपण स्वतः. चालत आगीत जायचं. खरे असलो तर पलीकडून बाहेर येऊ.

तेरा जण गेले होते. एकही आला नाही. त्यामुळे ते तेराही खोटे ठरले आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. पोलीस आले, पण धर्मराजने त्यांच्यासमोर तेरा स्टॅम्पपेपर ठेवले, नोटरी केलेले, 'मी राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत'. हा धर्मराज पूर्वी माळरानावर प्लॉट पाडून विकायचा, आता दाहप्रमुख झाला होता. धंद्यात तसा फरक काही नाही, दोन्हीकडे न दिसणारी गोष्टच दाखवायची.

चौदावा नंबर आमच्या ह्यांचा लागला.

लग्नात उखाण्यात मी एकदाच नाव घेतलं होतं, तेही सासूने आग्रह केला म्हणून. पण ही गोष्ट 'हे' आणि 'ते' करत सांगितली तर कुणाला काही कळणार नाही, म्हणून घेते. संपत. माझा नवरा संपत एकोणीस वर्षं एका स्टील मिलमध्ये भट्टीवर मेल्टर आहे. भंगार वितळवून लोखंड करायचं, ते हे काम. अजमतचाचा त्याचे उस्ताद, त्यांनीच त्याला शिकवलं. चाचांचा मुलगा अबुजर आणि संपत एकाच पाळीत, एकाच भट्टीवर. अबुजर आमच्या घरी आला की चहाला 'कौसल्याभाभी, शक्कर दिखाई नहीं दी' म्हणायचा, आणि मी त्याला चमचा दाखवायची. दोन वर्षांपूर्वी भट्टीत ओलं भंगार पडलं. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की स्फोट होतो. अबुजर जागेवर गेला. एकतीस वर्षांचा होता. संपतचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली, रिपोर्ट आला: भंगार टाकताना अबुजरकडून चूक झाली.

त्या दिवसानंतर संपत मस्तगडला, चाचांच्या घरी, एकदाही गेला नाही. जेवताना मध्येच थांबायचा. मी विचारलं की 'काई न्हाई' म्हणायचा. सहा महिने मी समजून घेतलं, पुढचे सहा महिने भांडले. मग तो रविवारी रविवारी खदानीकडे जायला लागला आणि मला आधी बरंच वाटलं, कारण घरी आल्यावर निदान पोटभर जेवायचा. हा माझा मूर्खपणा, तो मी कबूल करते.

चौदा एप्रिलला घेतलेल्या नव्या शर्टाला त्याने इस्त्रीने भोक पाडलं तेव्हा माझे डोळे उघडले. नंतर सोनूबाईने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, ती बिचारी अभिमानाने दाखवत होती. माईकसमोर संपत उभा, गालाला राख. म्हणत होता, "अबुजर माझा दोस्त नव्हता. त्यो जळाला, म्हंजे त्यो खरा नव्हता." खालून घोषणा आली, "जे जळतं ते नव्हतंच!" मी मोबाईल सोनूबाईच्या हातात दिला आणि तिला म्हणाले, चटणी वाटून झाली असेल तर नीघ.

त्याच आठवड्यात त्याने स्टॅम्पपेपर आणला.

"येत्या रविवारी," तो म्हणाला. "चार वाजता."

"आणि मी काय करू? डबा देऊ सोबत?"

"चिडू नको. खरा असन तर येईन ना बाहेर."

"आणि नसाल तर?"

"मंग तुला खोट्या माणसासाठी रडायची गरज न्हाई."

मी लाटणं फेकून मारलं. लागलं नाही, माझा नेम पहिल्यापासून वाईट. त्याने लाटणं उचललं, धुतलं आणि पोळपाटावर ठेवलं. ते बघून मला रडू फुटलं. ज्याला उद्या-परवा जळून जायचंय तो माणूस लाटणं धुऊन ठेवत होता. मला भीती वाटत होती, इतकी की शाळेत हजेरी घेताना मी एकाच मुलीचं नाव तीनदा पुकारलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मस्तगडला गेले.

अजमतचाचांनी अबुजरनंतर भट्टी सोडली होती आणि मेहुण्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसत होते. पस्तीस वर्षं आगीत हात घातलेला माणूस काचेच्या बांगड्या मोजून देत होता. बोटं जाड, जागोजागी भाजल्याच्या खुणा, आणि एकेक बांगडी दोन बोटांत अशी धरलेली की बघणाराच श्वास रोखून धरेल. मला बघून ते उठले.

"चाचा, संपत उद्या आगीत चाललाय," मी म्हणाले. प्रस्तावना मला जमत नाही.

त्यांनी हातातली बांगडी जपून खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "दोन साल में एक बार भी नहीं आया वो. मीच यायला पाह्यजे होतं, बेटी. पण कोणतं तोंड घेऊन येऊ? माझ्या पोरानं ओलं भंगार टाकलं. मी शिकवलेलं पोरगं, माझं नाव सांगणारं, आणि इतकी कच्ची चूक! त्याच्यामुळं तुझ्या नवऱ्याचा हात जळला. माफी मी मागायची होती. शरम वाटली."

व्हिडिओबद्दल सांगायचं तर हीच वेळ होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आले नसते, आणि मला ते पाहिजे होते. माणूस वाचवायचा म्हणून मी दुसऱ्या माणसापासून लपवलं, हे मी इथे लिहून ठेवते.

"उसकी आग का टेंपरेचर कितना है?" चाचांनी एकदम विचारलं.

"कोणाला माहीत? बघायची बंदी आहे. तो फुंकायला लागला की सगळ्यांनी मान खाली घालायची, डोळे मिटायचे."

"और संपत डोळे मिटतो? भट्टीवाला होऊन?"

मग त्यांच्याच लक्षात आलं. ते डोक्याला हात लावून खाली बसले. भट्टीवाला आगीकडे उघड्या डोळ्यांनी कधी बघत नाही. निळ्या काचेतून बघतो, आणि काच हातात नसली तर मान वळवतो. पहिल्याच दिवशी त्यांना हे शिकवतात, न ऐकणाऱ्याला शिव्या बसतात. बाकीच्या राखाड्यांना मान खाली घालायला धर्मराजने महिनाभर शिकवलं असेल. संपतने पहिल्याच दिवशी घातली असणार, कुणी न सांगता. अख्ख्या सभेत आगीची पारख असलेले भट्टीवालेच, आणि आग न बघण्याची सवय पक्की असलेलेही तेच.

चाचा गल्लीतल्या आपल्या घरी गेले आणि लाकडी मुठीची एक निळी काच घेऊन आले. सदऱ्याला पुसत म्हणाले, "कल कितने बजे?"

रविवारी ऑटोवाल्याने आम्हाला कमानीपाशी सोडलं. खदानीत हजारभर माणसं बसलेली, त्यांत निम्मी तरी मिलची. ज्यांचं आयुष्य भट्टीवर जातं त्यांना शेवटच्या आगीचं आकर्षण जास्त, की त्यांनी जळताना जास्त बघितलंय, मला माहीत नाही. मध्ये दगडाचं गोल कुंड. त्यामागे सरडा पुढचे पाय दुमडून बसलेला. भक्तांनी आठवडाभर आणून दिलेला दगडी कोळसा तो खातो आणि रविवारी एकदाच फुंकतो. हे त्याचं एकदाच फुंकणं लोकांना संयम वाटायचं.

संपत कुंडापासून दहा पावलांवर उभा होता. मला त्याने बघितलं नाही. मी हाक मारली ती घोषणांत बुडाली.

"प्रिय साधकहो," सरडा म्हणाला, आणि खरं सांगते, आवाज गोड होता. "आज संपतराव आपल्याला आरसा दाखवणार आहेत. या माणसाने वस्तू सोडली, नातं सोडलं. आता तो स्वतःला सोडेल. त्याच्या पत्नीने शोक करू नये. शोक म्हणजे असत्याला दिलेली मान्यता." धर्मराजने पहिली टाळी वाजवली. मग सरड्याने छाती भरून घेतली, सगळ्या माना खाली गेल्या आणि त्याने कुंडात आग सोडली.

घर्रर्र असा आवाज, आणि धग आमच्यापर्यंत आली. संपत डोळे मिटून चालायला लागला. आठ पावलं राहिली, सात, सहा. मी माणसांच्या पाठीवर, खांद्यावर पाय देत पुढे धावले. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणी शिवी दिली, मीही दिली. पोचणं शक्य नव्हतं हे मला दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या मागून चाचा ओरडले. भट्टीच्या आवाजावर ओरडायची सवय असलेला गळा तो, खदानीत घुमला.

"संपत! टेंपरेचर बोल!"

भट्टीवर उस्ताद हे दर थोड्या वेळाने ओरडतो. मेल्टरने त्याच क्षणी बघून उत्तर द्यायचं असतं. एकोणीस वर्षं संपतने दिवसातून पन्नासदा हे ऐकलेलं. तो थांबला. हातात काच नव्हती, म्हणून कपाळाला आडवा हात लावला, डोळे बारीक केले आणि आगीकडे बघितलं.

"नऊशे, उस्ताद!"

बोलला आणि स्वतःच गोंधळला. पुन्हा बघितलं.

"बराबर देख!" चाचा ओरडले. ते काच डोळ्याला लावून उभे होते. हजार माणसं खाली वाकलेली आणि मध्ये एकटा म्हातारा ताठ.

"साडेनऊशे... न्हाई, नऊशेच हाय. कडंला तर लाल पन न्हाई."

"भट्टीतून माल कितने पे निकालते?"

"सोळाशेला."

"सळईच्या रोलिंगला तरी किती लागते?"

"बाराशे," संपत म्हणाला, आणि सभेतून आणखी वीस-पंचवीस आवाज आले, "बाराशे." मिलवाल्यांना राहवलं नाही. माना वर यायला लागल्या. चाचांनी काच पुढच्या माणसाच्या हातात दिली. त्याने बघितलं आणि पुढच्याला दिली. "बघू, बघू" सुरू झालं. धर्मराज माईकवर "साधकांनी मान खाली! मान खाली!" ओरडत होता, पण आमच्याकडे एक जण बघायला लागला की बाकीच्यांना थांबवणं देवालाही जमत नाही. सोनूबाईने काच उलटी-सुलटी करून बघितली आणि विचारलं, "म्हंजे ह्याच्यापेक्षा आमच्या पोराच्या कारखान्यातली जास्ती गरम हाय का?"

"जवळपास दुपटीनं, मावशे," कुणीतरी सांगितलं.

"मंग माझा मिक्सर कामून जाळला?"

सरड्याची अडचण अशी, की आग आणि प्रवचन त्याला एका वेळी जमत नाही. तो आग सोडत राहिला असता तर लोक काचेतून बघत राहिले असते. उत्तर द्यायचं तर तोंड मोकळं करायला पाहिजे. तो फुंकायचा थांबला. कुंडातली आग फुरफुरली आणि विझली. आता पुढच्या रविवारपर्यंत काही नाही. मी तिथेच खाली बसले.

"तापमान हा जडवादी विचार आहे," सरडा म्हणाला. "दाह आकड्यांत मोजता येत नाही."

"आम्ही रोज मोजून राह्यलो ना," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. हजार माणसं हसली. सरड्याने मान हळूहळू चाचांकडे वळवली, आणि तेव्हा मला कळलं की हे जनावर नुसतं बडबडं नाही, वाईट आहे.

"आजोबा, तुमच्या सोळाशेच्या आगीबद्दल बोला ना," तो फार मायेने म्हणाला. "तिच्यात तुमचा मुलगा जळाला. नाव अबुजर. तो खरा होता की खोटा? तुमच्या या शिष्याने इथेच, याच माईकवर सांगितलंय. खोटा होता म्हणाला."

चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना कळलं की मला माहीत होतं. मग ते संपतकडे चालत गेले. लोकांनी बसल्या जागी सरकून वाट दिली.

"तू बोला ऐसा?"

संपतने होकारार्थी मान हलवली.

"क्यूँ?"

धर्मराज माईकजवळ तोंड नेऊन काही म्हणणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने माईक खाली ठेवला.

"कारन त्यो खरा असन तर मी काय हाय?" संपत म्हणाला. "भंगार ओलं होतं, उस्ताद. अबुजर म्हणला होता. दोनदा म्हणला. 'संपतभाई, ओला लग रहा, बाजू को रखते.' माल काढायला लेट हून राह्यलं होतं, मॅनेजर डोक्यावर हुभा होता. मी म्हणलं, टाक. त्यानं माझं ऐकलं. चौकशीत साहेबानं मेलेल्या माणसाचं नाव लिवलं, मला सही कर म्हणला. मी हॉस्पिटलात होतो, डाव्या हातानं सही केली."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. दोन वर्षं ज्याला मी वाढलं, ज्याच्या हाताला मलम लावलं, त्या माणसाच्या आत हे होतं आणि मला पत्ता नव्हता. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी किळसही आली. दोन्ही एकदम येतात, मी सांगते.

चाचा दगडावर बसले. "उसने बोला? ओला है, उसने पैचाना?"

"लांबूनच पैचानलं, उस्ताद. वासावरून. तुम्ही शिकवल्तं तसंच."

चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे, आणि मध्येमध्ये म्हणत होते, "पैचाना था उसने. मेरे बच्चे ने पैचाना था." दोन वर्षं ते या एका गोष्टीने वाकले होते, की आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराला ओलं-कोरडं कळलं नाही. पोरगं तर गेलंच होतं, त्याची कारागिरीही गेली होती. ती आता परत मिळाली होती.

"पाहा, साधकहो," सरडा म्हणाला, "अश्रू म्हणजे—"

"अय, गप रे," पहिल्या रांगेतला एक माणूस म्हणाला. जळालेल्या वस्तीवरचा होता तो. उठला, गालाची राख बाहीने पुसली आणि कमानीकडे चालायला लागला. त्याच्यामागे काही उठले. सगळे नाही. सगळे कधीच उठत नाहीत. सरड्याने रागाने छाती भरून जोर लावला, तर तोंडातून नुसता काळा धूर आला आणि ठसका लागला. धर्मराजने सभा तहकूब झाल्याचं जाहीर करून टाकलं.

चाचांनी डोळे पुसले आणि उभे राहिले. त्यांनी संपतला मारलं नाही, जवळही घेतलं नाही.

"चल," ते म्हणाले. "मैमूना को बोल. जैसा मेरे को बोला, वैसाच."

संपतचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा तो आगीकडे चालतानाही झाला नव्हता. "उस्ताद, पाया पडतो तुमच्या. चाचीसमोर न्हाई जमनार मला. मी पोलिसात सांगतो, मालकाला सांगतो, पन चाचीला..."

"पोलिसात पण जायचं," मी म्हणाले. "उद्या. आधी तिथं." आणि त्याच्या शर्टाच्या भोकात बोट अडकवून त्याला ऑटोपर्यंत ओढत नेलं. चौदा एप्रिलचा शर्ट पार फाटला.

ऑटोत आम्ही तिघं बसलो. मस्तगडच्या गल्लीत शिरलो तेव्हा दुकानं उघडी होती, बायका खरेदी करत होत्या. दारासमोर संपत चप्पल काढत होता ती निघेना, पट्टा सुटत नव्हता. मी वाकून काढली नाही. शेवटी त्याने काढली.

मैमूनाचाची मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी संपतला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, गालावरच्या राखेवर नजर थांबली. "दो साल में अब रस्ता मिला?" एवढंच म्हणाल्या.

तो उभ्यानेच बोलला. भंगार ओलं होतं. अबुजर दोनदा म्हणाला. मी टाक म्हणलं. रिपोर्ट खोटा आहे, त्यावर माझी सही आहे. बोलताना एकदा आवाज गेला, तेव्हा चाचा भिंतीला टेकून म्हणाले, "आगे." तो पुढे बोलला.

चाचींनी ऐकून घेतलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदरातली पानं झटकली. मी वाट बघत होते की त्या ओरडतील, शाप देतील, अंगावर धावून जातील. मला वाटतं संपतही त्याचीच वाट बघत होता. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "शबनम! काम छोड, बाहर आ."

अबुजरची बायको हात पुसत बाहेर आली. आम्हाला बघून दारातच थांबली. चाचींनी तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि मग संपतकडे बघितलं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "अब फिर से बोल. शुरू से."

संपतने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. त्याने ओठ पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.